कॉनी मॅक : दोनदा उभारले, दोनदा मोडले

ऑक्टोबर सरता सरता अमेरिकेतील बेसबॉलचा हंगाम आटोपतो. मैदाने ओस पडतात आणि क्लबांच्या कचेऱ्यांत वर्दळ सुरू होते. पुढच्या वसंत ऋतूपर्यंतचे हे महिने खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचे. हरलेल्या संघाला काय हवे, हे कोणीही सांगू शकतो. पेच असतो तो जिंकलेल्या संघापुढे. ज्या पिचरांच्या बळावर विजेतेपद आले, त्यांच्यात आणखी भर घालावी, की बसलेली घडी न विस्कटता पैसा राखून ठेवावा?

या पेचाशी सर्वाधिक काळ झुंजलेला माणूस म्हणजे कॉनी मॅक. फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्स या संघाचे ते १९०१ ते १९५० असे सलग ५० हंगाम व्यवस्थापक होते. कारकिर्दीत त्यांच्या संघांनी ३,७३१ सामने जिंकले आणि ३,९४८ गमावले. सर्वाधिक विजय आणि सर्वाधिक पराभव हे दोन्ही विक्रम एकाच माणसाच्या नावावर आहेत, आणि आजतागायत ते कोणालाही मोडता आलेले नाहीत. या दोन आकड्यांमागे दोन महान संघ आहेत. दोन्ही मॅक यांनी स्वतः घडवले आणि दोन्ही स्वतःच्याच हातांनी मोडले.

क्रिकेटच्या चष्म्यातून पाहणाऱ्यास पिचर हा गोलंदाजासारखा वाटेल. साम्य आहे, पण फरक मोठा आहे. क्रिकेटमध्ये चार-पाच गोलंदाज एकाच डावात ओझे वाटून घेतात. मॅक यांच्या काळात मात्र बहुधा एकच पिचर आख्खा सामना टाकत असे आणि मग त्याच्या खांद्याला दोन-तीन दिवसांची विश्रांती लागे. हंगामात सामने दीडशेच्या आसपास. त्यामुळे एक अजोड पिचर असून भागत नाही, तशा तोडीचे आणखी तीन-चार लागतात. शिवाय खांदा हे बेभरवशाचे भांडवल. आज २५ सामने जिंकणारा उद्या चेंडू फेकू शकेलच असे नाही. पिचिंग हाच या खेळाचा गाभा, असे मॅक आयुष्यभर मानत आले. त्यांचे जीवनचरित्र त्यामुळेच अधिक चमत्कारिक वाटते.

मॅसॅच्युसेट्स राज्यातील ईस्ट ब्रुकफील्ड येथे डिसेंबर १८६२ मध्ये एका आयरिश स्थलांतरित कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव कॉर्नेलियस मॅकगिलिकडी. वडील यादवी युद्धात सैनिक होते. घरची ओढाताण असल्याने मुलाला कोवळ्या वयातच कारखान्यात कामाला लागावे लागले. पुढे बुटांच्या कारखान्यातील नोकरी सोडून त्यांनी बेसबॉलची वाट धरली. उंची सहा फुटांवर, अंगकाठी शिडशिडीत. १८८६ मध्ये वॉशिंग्टनच्या संघातून ते वरच्या दर्जाच्या स्पर्धेत आले, ते कॅचर म्हणून. पिचरचा चेंडू झेलणारा हा खेळाडू पिचरला जितका ओळखतो तितके दुसरे कोणी ओळखत नाही. मॅक यांचे सारे शहाणपण त्याच जागेवर बसून गोळा झालेले. कॅचर म्हणून ते काही साधुसंत नव्हते. चेंडू बॅटला निसटता लागल्यासारखा आवाज हातमोज्यातून काढायचा आणि पंचांकडून फलंदाजाला बाद ठरवून घ्यायचे, ही त्यांची क्लृप्ती गाजली होती.

१८९० मध्ये खेळाडूंनी संघमालकांविरुद्ध बंड करून प्लेयर्स लीग ही स्वतःची स्पर्धा काढली. मॅक बंडखोरांत सामील झाले आणि गाठीची शिल्लक त्यांनी बफेलोच्या संघात गुंतवली. लीग एका हंगामातच बुडाली आणि शिल्लकही गेली. दोनच वर्षांनी, १८९२ मध्ये, पत्नी मार्गारेट तीन लहान मुले मागे ठेवून निवर्तली. पुढील काळातील त्यांचा पैशाबाबतचा सावधपणा काहींना कंजूषपणा वाटे. मात्र ही दोन वर्षे विसरून त्याचा न्याय करणे योग्य होणार नाही.

पिट्सबर्ग आणि मिलवॉकी येथे उमेदवारी केल्यानंतर १९०१ मध्ये बॅन जॉन्सन यांच्या नव्या अमेरिकन लीगमध्ये मॅक फिलाडेल्फियाला आले. बेसबॉलचे चेंडू बनविणाऱ्या व्यवसायातील बेन शाइब हे मोठे भागीदार झाले. मॅक यांच्याकडे चौथा हिस्सा होता आणि पुढे तो निम्म्यावर गेला. म्हणजे संघ निवडणारा आणि खर्चाची वही सांभाळणारा माणूस एकच. न्यूयॉर्क जायंट्सचे जॉन मॅकग्रॉ यांनी या नव्या संघाला पांढरा हत्ती म्हणून हिणवले. मॅक यांनी तोच पांढरा हत्ती संघाचे बोधचिन्ह म्हणून मिरवला. खेळाडूंचा गणवेश त्यांनी अंगावर चढवला नाही. कडक कॉलर, टाय आणि सूट अशा पोशाखात ते खेळाडूंच्या बाकावर बसत आणि हातातील गुणपत्रिका हलवून क्षेत्ररक्षकांना जागा दाखवत. खेळाडू त्यांना मिस्टर मॅक म्हणूनच हाक मारत.

१९०२ मध्ये लीगचे विजेतेपद आले, १९०५ मध्ये पुन्हा आले. त्या साली रूब वॅडेल हा त्यांचा विलक्षण डावखुरा पिचर खांदा दुखावल्याने वर्ल्ड सिरीजला मुकला. समोर जायंट्सचा क्रिस्टी मॅथ्यूसन होता. त्याने तीन सामने टाकले आणि तिन्हींत एकही धाव दिली नाही. एक पिचर असणे आणि नसणे यांत किती अंतर असते, याचा धडा मॅक यांना यापेक्षा स्पष्ट मिळाला नसता.

मग पहिला मोठा संघ घडला. एडी प्लँक, चार्ल्स बेंडर आणि जॅक कूम्ब्स हे पिचरांचे त्रिकूट. १९१० मध्ये कूम्ब्सने ३१, तर बेंडरने २३ सामने जिंकले. त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज कूम्ब्स आणि बेंडर या दोघांनीच टाकली आणि शिकागो कब्जला ४-१ असे हरवले. १९११ मध्ये मॅकग्रॉ यांच्या जायंट्सवर मात करून जुना हिशेबही चुकता झाला. लागोपाठ दोन अजिंक्यपदे मिळवल्यावर १९१२ मध्ये मॅक यांनी प्रामुख्याने त्याच त्रिकुटावर भिस्त ठेवली. बोस्टनच्या जो वूडने ३४ सामने जिंकले आणि अ‍ॅथलेटिक्स तिसऱ्या स्थानावर घसरले.

या घसरणीतून मॅक शिकले, हे मुद्दाम नोंदवायला हवे. १९१३ मध्ये कूम्ब्स विषमज्वराने अंथरुणाला खिळला, तोवर नव्या पोरांची फळी तयार होत होती. जो बुश, बॉब शॉकी आणि हर्ब पेनॉक हे तिघेही १९१४ साली २४ वर्षांच्या आतले होते. १९१३ ची वर्ल्ड सिरीज पुन्हा जायंट्सविरुद्ध जिंकली. १९१४ मध्ये ९९ विजयांसह लीगचे विजेतेपद आले आणि संघातील सात पिचरांनी प्रत्येकी १० वा अधिक सामने जिंकले. जिंकत असताना पिचिंग कसे नवे करावे, याचा हा नमुनाच होता.

आणि तरीही सारे ढासळले. १९१४ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये बोस्टन ब्रेव्ह्ज या संघाने अ‍ॅथलेटिक्सला ४-० असे धुऊन काढले. हाच संघ जुलैत लीगच्या तळाशी होता. ब्रेव्ह्जचे चारही विजय डिक रुडॉल्फ आणि बिल जेम्स या दोन पिचरांनी वाटून घेतले. त्याच सुमारास फेडरल लीग ही तिसरी मोठी स्पर्धा उभी राहिली होती आणि ती नामांकित खेळाडूंना भरघोस पगाराची आमिषे दाखवत होती. प्लँक आणि बेंडर यांच्याशी तिची बोलणी चालल्याचे मॅक यांना ठाऊक होते. दुसरीकडे फिलाडेल्फियाचे प्रेक्षक विजयाला सरावले होते. १९१३ मध्ये सुमारे ५ लाख ७२ हजार प्रेक्षक मैदानावर आले होते. १९१४ मध्ये संघ पुन्हा पहिला आला, पण प्रेक्षक मात्र साडेतीन लाखही भरले नाहीत. पगार वाढवायचे तर उत्पन्न कोठून आणायचे?

१९१४ च्या ऑक्टोबरअखेर मॅक यांनी प्लँक, बेंडर आणि कूम्ब्स या तिघांनाही नारळ दिला. मधल्या फळीचा आधार असलेला एडी कॉलिन्स ५० हजार डॉलरला शिकागोला विकला. २४ वर्षांपूर्वी मालकांविरुद्ध बंड करणारा खेळाडू आता मालकाच्या खुर्चीत होता आणि खेळाडूंच्या बंडापुढे वाकायला तयार नव्हता.

या निर्णयावर टीका करणे सोपे आहे, पण निव्वळ खेळाच्या दृष्टीने पाहिले तर त्यात तथ्य होते. प्लँक ३९ वर्षांचा झाला होता. कूम्ब्सने दोन हंगामांत जेमतेम चार सामन्यांत चेंडू टाकला होता. बेंडरने १९१४ मध्ये १७ सामने जिंकून केवळ तीन गमावले होते खरे, पण पुढच्या वर्षी बाल्टिमोरकडून खेळताना त्याने चार जिंकले आणि १६ गमावले. प्लँकने मात्र सेंट लुईसच्या संघातून २१ सामने जिंकून दाखवले. म्हातारे जाऊ देण्यात मॅक यांचा हिशेब अगदीच चुकला असे म्हणता येणार नाही. खरा घात झाला तो पुढच्या उन्हाळ्यात.

१९१५ च्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात पेनॉकने बोस्टनला नवव्या डावात दोन गडी बाद होईपर्यंत एकही हिट मिळू दिली नव्हती. शेवटी एकच हिट गेली. असा पोरगा मॅक यांनी जूनमध्ये त्याच बोस्टन रेड सॉक्सच्या हवाली केला, तोही जवळपास फुकट. पुढे आयुष्यभर ते ही आपली घोडचूक मानत राहिले. त्याच उन्हाळ्यात शॉकी न्यूयॉर्क यांकीजला विकला गेला. १९१७ च्या डिसेंबरात बुशही बोस्टनला गेला. १९१५ मध्ये अ‍ॅथलेटिक्सने १०९ सामने गमावले, १९१६ मध्ये ११७. त्या साली जॅक नेबर्स नावाच्या पिचरने एक सामना जिंकला आणि २० गमावले. १९१५ ते १९२१ अशी सलग सात वर्षे संघ तळाला राहिला. जिंकलेला संघ त्याच माणसाच्या हाताखाली इतक्या वेगाने रसातळाला गेल्याचे दुसरे उदाहरण सहज सापडत नाही.

मॅक यांचे टाकलेले हिरे शेवटी कोणाच्या कोंदणात बसले, ही या कथेतील सर्वांत बोलकी गोष्ट आहे. न्यूयॉर्क यांकीजची कचेरी एड बॅरो सांभाळत होते आणि मालक जेकब रुपर्ट यांचा बिअरचा धंदा संघाच्या पाठीशी होता. यांकीजनी १९२१ मध्ये लीग जिंकली, पण वर्ल्ड सिरीज गमावली. संघात बेब रूथ होता. फलंदाजी कोणालाही हेवा वाटावा अशी. तरी त्या डिसेंबरात बॅरो यांनी बोस्टनकडून जो बुश आणि सॅम जोन्स हे दोन पिचर आणले. १९२२ मध्ये बुशने २६ सामने जिंकले. लीग पुन्हा यांकीजची झाली, वर्ल्ड सिरीज पुन्हा गेली. इतर कोणी आता पुरे म्हटले असते. बॅरो यांनी जानेवारी १९२३ मध्ये पेनॉकलाही आणले. शॉकी १९१५ पासून तेथे होताच. नव्या यांकी स्टेडियमवरील पहिला सामना एप्रिल १९२३ मध्ये त्यानेच टाकला आणि जिंकलाही.

१९२३ मध्ये यांकीजनी ९८ सामने जिंकले. त्यांपैकी पेनॉकचे १९, बुशचे १९ आणि शॉकीचे १६. म्हणजे ९८ पैकी ५४ विजय मॅक यांनी घडवून सोडून दिलेल्या तीन हातांचे. वर्ल्ड सिरीजमध्ये पेनॉकने दोन सामने जिंकले आणि यांकीजना त्यांचे पहिले अजिंक्यपद मिळाले.

मॅक त्या वेळी ६० वर्षांचे होते. या वयात माणसे आवराआवर करतात, पण त्यांनी दुसऱ्यांदा पाया घातला. १९२४ च्या हंगामानंतर बाल्टिमोरच्या संघाकडून लेफ्टी ग्रोव्ह हा डावखुरा पिचर त्यांनी १ लाख ६०० डॉलर मोजून घेतला. बेब रूथसाठी यांकीजनी दिलेल्या एक लाखापेक्षा ६०० डॉलर अधिक. कंजूष म्हणून ज्यांची थट्टा होई, त्यांनीच हा विक्रम केला. पहिल्या हंगामात ग्रोव्हने १० सामने जिंकून १२ गमावले. चेंडू विजेसारखा येई, पण कोठे जाईल याचा नेम नसे. मॅक यांनी वाट पाहिली. मिकी कॉक्रेनसारखा कॅचर त्याच्यासमोर बसवला. अल सिमन्स आणि जिमी फॉक्स हे फलंदाज तयार होत होते. १९२८ मध्ये बाल्टिमोरकडूनच जॉर्ज अर्नशॉ आणला.

१९२९ मध्ये १०४ विजयांसह लीग जिंकली. वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात ग्रोव्ह किंवा अर्नशॉ उतरणार, असे सारे धरून होते. मॅक यांनी हॉवर्ड एम्की या ३५ वर्षांच्या, त्या हंगामात फारसा न वापरलेल्या पिचरच्या हाती चेंडू दिला. हंगामाच्या अखेरीस संघ प्रवासाला गेला असता त्यांनी एम्कीला मागे ठेवून शिकागो कब्जचे फलंदाज न्याहाळायला पाठवले होते. एम्कीच्या संथ चेंडूंनी कब्जचे १३ फलंदाज टिपले. वर्ल्ड सिरीजमधील तो विक्रम १९५३ पर्यंत टिकला. चौथ्या सामन्यात अ‍ॅथलेटिक्स ०-८ असे पिछाडीवर होते. सातव्या डावात त्यांनी १० धावा काढल्या आणि सामना १०-८ असा खिशात घातला. शहराने मॅक यांना डोक्यावर घेतले. कलावंत, शास्त्रज्ञ यांना दिला जाणारा १० हजार डॉलरचा बॉक पुरस्कार त्या वर्षी बेसबॉलच्या माणसाला मिळाला.

१९३० ची वर्ल्ड सिरीज सेंट लुईस कार्डिनल्सविरुद्ध ४-२ अशी जिंकली. चारही विजय ग्रोव्ह आणि अर्नशॉ यांचे, प्रत्येकी दोन. येथे पुन्हा तोच पेच उभा राहिला. लागोपाठ दोन अजिंक्यपदे आणि सारा भार दोन खांद्यांवर. तिसरा भरवशाचा हात त्या हिवाळ्यात आणावा का? मॅक यांनी आणला नाही. १९३१ च्या जूनमध्ये यांकीजचा एकेकाळचा पिचर वेट हॉइट घेतला, पण त्याचा भर ओसरला होता. ग्रोव्हने त्या हंगामात ३१ सामने जिंकून केवळ चार गमावले. संघाने तब्बल १०७ जिंकले. रूब वॉलबर्गनेही २० जिंकले होते, पण वर्ल्ड सिरीजमध्ये सामन्याची सुरुवात त्याच्या हाती दिली गेली नाही. सात सामन्यांपैकी सहा ग्रोव्ह आणि अर्नशॉ यांनी सुरू केले आणि अ‍ॅथलेटिक्सचे तिन्ही विजय त्यांचेच ठरले. पाचवा सामना हॉइटने गमावला. अखेरच्या सामन्यात थकलेला अर्नशॉ हरला आणि कार्डिनल्स ४-३ असे विजयी झाले. सलग तिसरे अजिंक्यपद एका सामन्याने हुकले.

तोवर महामंदीने अमेरिकेला विळखा घातला होता. १९२९ मध्ये ८ लाख ३९ हजार प्रेक्षक आले होते, १९३३ मध्ये तीन लाखही आले नाहीत. पेनसिल्व्हेनियात रविवारी सामने खेळवण्यास कायद्याने १९३४ पर्यंत बंदी होती. सुट्टीच्या दिवसाची तिकीटविक्री अन्य शहरांना मिळत असताना मॅक यांच्या मैदानाला टाळे असे. संघाखेरीज त्यांना उत्पन्नाचे दुसरे साधन नव्हते. रुपर्ट यांच्याकडे बिअर होती, बोस्टनला १९३३ मध्ये टॉम यॉकी हा गर्भश्रीमंत मालक लाभला होता.

१९३२ च्या हंगामानंतर सिमन्सची विक्री झाली. १९३३ च्या डिसेंबरात ग्रोव्ह आणि वॉलबर्ग बोस्टनला, अर्नशॉ शिकागोला, कॉक्रेन डेट्रॉइटला गेला. १९३५ च्या अखेरीस फॉक्सही बोस्टनला. कॉक्रेनने डेट्रॉइटला १९३४ आणि १९३५ मध्ये लीग जिंकून दिली. ग्रोव्हचा खांदा १९३४ मध्ये दुखावला, तेव्हा मॅक यांनी वेळीच विकला असे अनेकांनी म्हटले असेल. पण हाच ग्रोव्ह पुढे सावरला आणि १९४१ मध्ये त्याने कारकिर्दीतील ३०० वा विजय मिळवला. प्लँक आणि बेंडर यांच्या वेळी वयाचा आधार तरी घेता येत होता. या खेपेस तोही नव्हता. ही निव्वळ कर्जफेड होती.

१९१४ नंतरचा धडा त्यांना ठाऊक नव्हता, असे कसे म्हणावे? तो त्यांनीच अनुभवला होता. मात्र १९१४ मध्ये त्यांच्यापुढे निवड होती. पगार थोडे वाढवून पेनॉक आणि शॉकी राखता आले असते. १९३३ मध्ये तशी निवड फारशी उरली नव्हती. जे करायचे ते १९३० च्या हिवाळ्यात, हाती पैसा आणि अजिंक्यपद दोन्ही असताना, करायला हवे होते.

यानंतर मॅक यांना पुन्हा विजेतेपद मिळाले नाही. १९३५ ते १९४६ या १२ हंगामांत संघ नऊ वेळा तळाला गेला. १९३७ मध्ये त्यांची हॉल ऑफ फेमसाठी निवड झाली. पण बाकावरून उठण्यास ते तयार नव्हते आणि मालकच असल्याने त्यांना उठवणार कोण? १९५० मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, १०२ पराभवांनंतर त्यांनी व्यवस्थापकपद सोडले. त्याच वर्षी रॉय आणि अर्ल या मुलांनी क्लब गहाण टाकून इतरांचे हिस्से विकत घेतले होते. ते कर्ज काही फिटले नाही. १९५४ मध्ये संघ विकला गेला आणि कॅन्सस सिटीला हलला. तेथून १९६८ मध्ये ओकलंडला गेला. मनीबॉल या चित्रपटामुळे आपल्याकडील अनेकांना ठाऊक झालेला, अपुऱ्या पैशांत संघ बांधणारा क्लब तो हाच. २०२४ च्या हंगामानंतर त्याने ओकलंडही सोडले.

८ फेब्रुवारी १९५६ रोजी फिलाडेल्फियात कॉनी मॅक यांचे निधन झाले. १९०९ मध्ये पोलाद आणि काँक्रीटने बांधलेल्या शाइब पार्कला १९५३ मध्येच त्यांचे नाव देण्यात आले होते. ते मैदान १९७६ मध्ये पाडले गेले आणि त्या जागी आता एक चर्च आहे. हातात गुणपत्रिका उंचावलेला मॅक यांचा पुतळा मात्र शहरात टिकून आहे. तो उभा आहे फिलीज या त्याच शहरातील एकेकाळच्या प्रतिस्पर्धी संघाच्या मैदानाबाहेर.